कॅन, कुड आणि मे: गेस्टसोबत बोलताना कुठं काय लावायचं?

वेरूळरोड_ड्रायव्हर

नमस्कार मंडळी. मी संभाजीनगरात टुरिस्ट गाडी चालवतो, वेरूळ अजिंठा दौलताबाद अशी भाडी असतात, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत फॉरेनचे गेस्ट बऱ्यापैकी येतात. शिक्षण दहावी. इंग्रजी थोडंफार वाचता येतं, ऐकलेलं बी कळतं, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. सध्या मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकायलोय, त्यात पहिलाच धडा कॅनचा होता आणि त्या सरांनी सांगितलं कॅन म्हणजे शकणे. बरं. आय कॅन ड्राइव्ह, मी गाडी चालवू शकतो, इथपर्यंत ठीक.

पण मग गेस्ट मागच्या सीटवरून म्हणतो कॅन आय ओपन द विंडो? आता काच खाली करायची ताकद त्याच्यात आहे का नाही हे तो मला कामून विचारायलाय? दुसरा म्हणतो कॅन यू स्टॉप हिअर. एक बाई म्हणाल्या कुड यू वेट टेन मिनिट्स, आणि व्हिडिओत तर कुड म्हणजे कॅनचा भूतकाळ असं सांगितलंय, मग बाई काय काल थांबलो होतो का विचारायल्या का? आणि शाळेत आम्ही दारात उभं राहून रोज मे आय कम इन सर म्हणायचो ते मे कुठं गेलं, एकबी गेस्ट मे म्हणत नाही.

कुणीतरी सोपं करून सांगा. व्याकरणातली मोठमोठी नावं नकोत. सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद, एवढं जरी गेस्टला न अडखळता सांगता आलं तरी माझं अर्धं काम होतं.

गोदाकाठचा_मास्तर

दादा, प्रश्न एकदम बरोबर पकडलाय तुम्ही. व्हिडिओवाल्यानं शकणे सांगितलं तिथंच घोळ झालाय, कारण आपण बोलताना शकतो हा शब्द किती वापरतो ते बघा ना. मला पोहता येतं म्हणतो, मी पोहू शकतो असं गावात कोण म्हणतं. मला ट्रॅक्टर येतो. माझ्यानं एवढं पोतं उचलत नाही. मी काच खाली करू का. इथं फोटो काढला तर चालतंय का. जरा थांबता का. आपल्याकडं ह्या सगळ्याला वेगवेगळी बोलायची पद्धत आहे आणि इंग्रजीत ह्या सगळ्या जागी एकटा कॅन उभा. त्यामुळं शकणे डोक्यातून काढूनच टाका, उलट गेस्टनं कॅन म्हटलं की एकच बघा: ह्याचं उत्तर कशावर अवलंबून आहे?

त्याच्या अंगातल्या ताकदीवर किंवा शिकलेल्या कलेवर असेल तर ते येतं-जमतं वालं कॅन. कॅन यू स्पीक हिंदी? येस, आय कॅन. उत्तर तुमच्या हातात किंवा सरकारी नियमाच्या हातात असेल तर ते परवानगीचं कॅन. कॅन आय ओपन द विंडो म्हणजे काच खाली करू का, बस. गाडी तुमची, मालक तुम्ही, म्हणून तुम्हाला विचारतोय. आणि कॅन यू स्टॉप हिअर हे तर ताकद बी नाही आणि परवानगी बी नाही, ते काम सांगणं आहे, जरा थांबवता का असं. तिथं नुसतं येस आय कॅन म्हणून गाडी चालवत राहिलात तर गेस्ट हैराण होईल. शुअर म्हणा आणि ब्रेक मारा.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देतो. अजिंठ्याला खाजगी गाडी टी-पॉइंटला थांबते, तिथून पुढं लेण्यापर्यंत चारेक किलोमीटर एसटीची बस. आता गेस्ट विचारणार, कॅन वुई गो अप इन धिस कार? रस्ता आहे, गाडी बी चढते, तुम्हाला चालवता बी येते. तरी उत्तर नो. सॉरी सर, वुई कान्ट टेक द कार, वुई हॅव टु टेक द बस. म्हणजे हे नियमाचं कान्ट झालं. तेच लेण्याच्या पायऱ्यांपाशी सोबतच्या म्हाताऱ्या आजी दम लागून बसल्या आणि त्यांचा मुलगा म्हणाला शी कान्ट क्लाइम्ब, तर हे गुडघ्याचं कान्ट. शब्द तोच. पहिल्यात तुम्ही बस दाखवायची, दुसऱ्यात डोलीवाल्याला हाक मारायची. इतकं कळलं की कॅन कळला.

आता बनवायचं कसं ते सांगतो, हे तर आणखी सोपं आहे. कॅनच्या मागं क्रियापद कोरं लावायचं. टु नाही, आयएनजी नाही, एस नाही, भूतकाळाचं रूप नाही. आय कॅन ड्राइव्ह, ही कॅन ड्राइव्ह, दे कॅन ड्राइव्ह. ही म्हटलं की ड्राइव्हज करायची सवय पोरांना आम्हीच लावतो आणि मग ती ही कॅन ड्राइव्हज म्हणतात, ते नको. ही कॅन्स तर अजिबात नको. प्रश्न विचारायला डू-डज लागत नाही, कॅन उचलून पुढं आणायचा की झाला प्रश्न. यू कॅन सी, कॅन यू सी. नकाराला मागं नॉट, आणि लिहिताना कॅनॉट जोडून एकच शब्द.

जुना_बोर्डवाला

मास्तरांनी चांगलं समजावलं पण एक दुरुस्ती. परवानगीला कॅन हे बोलीतलं झालं, शुद्ध इंग्रजीत परवानगीला मे. आमच्या काळी इंग्रजी पाचवीपासून होतं, ते २००० साली पहिलीपासून केलं, पण पाचवीत जे शिकवलं ते पक्कं शिकवलं. कॅन आय गो टु टॉयलेट सर म्हटलं की आमचे गुरुजी म्हणायचे, आय डोन्ट नो, कॅन यू? सगळा वर्ग हसायचा आणि पोरगं तसंच पाय आवळून उभं. मग मे आय म्हटल्यावरच सुटका. त्यामुळं ड्रायव्हर भाऊंनी मेच वापरावं, गेस्टवर छाप पडते.

उदगीरची_मी

काका, तो जोक इंग्लंड-अमेरिकेतले मास्तर सुद्धा करतात, पण म्हणून कॅन चुकीचं होत नाही. मी ५ वर्षं पुण्यात कॉल सेंटरला आहे, रोज बाहेरच्या लोकांशी बोलते, परवानगीला ते लोक बिनधास्त कॅन म्हणतात, मोठमोठ्या डिक्शनऱ्यांत पण हा अर्थ दिलेला आहे. मे हे चूक नाही, जरा इस्त्रीचे कपडे घातल्यासारखं आहे एवढंच. ऑफिसात साहेबाच्या केबिनला, इंटरव्ह्यूला, वर्गात, मे आय कम इन शोभतं. गाडीत मागं पाय पसरून बसलेला माणूस मे आय ओपन द विंडो कशाला म्हणेल.

आणि मेचा एक मोठा घोटाळा आहे जो आपल्या लोकांकडून लई होतो. प्रश्न विचारताना मे यूबरोबर लावायचं नाही, बहुतेक आय आणि वुईबरोबर लावायचं, म्हणजे मी करू का, आम्ही करू का. मे आय टेक युवर बॅग? छान वाक्य आहे, दादा तुम्ही सामान उचलताना म्हणा, ऐकायला गोड लागतं. पण मे यू स्टॉप द कार, मे यू गिव्ह मी वॉटर, असं होतच नाही. समोरच्याला काम सांगायचं असेल तर कॅन यू नाहीतर कुड यू. यू मे सिट हिअर हे व्याकरणात बसतं पण गेस्टला वाटेल कलेक्टरनं खुर्ची दिली. सरळ प्लीज सिट हिअर म्हणा ना.

दुसरं, कॅन एबल टु. देवा रे. आय कॅन एबल टु ड्राइव्ह, आय कॅन एबल टु स्पीक. आमच्या ट्रेनिंगला येणाऱ्या निम्म्या पोरापोरींच्या तोंडात हेच असतं, ग्रॅज्युएट झालेल्यांच्या सुद्धा. एकतर आय कॅन म्हणा नाहीतर आय ॲम एबल टु म्हणा, दोन्ही एका वाक्यात कोंबायचे नाहीत.

जुना_बोर्डवाला

असेल ताई, तुमचा रोजचा संबंध आहे. पण बोर्डाच्या पेपरात मोडलचं, म्हणजे कॅन, मे असल्या शब्दांचं, फंक्शन ओळखा म्हणून प्रश्न येतो, तिथं कॅन दिसलं की पोरं डोळे झाकून ॲबिलिटी लिहितात, मे दिसलं की परमिशन. तिथं काय करायचं?

गोदाकाठचा_मास्तर

तिथं बी वाक्य वाचायचं, शब्दावर उडी मारायची नाही. यू कॅन गो होम नाऊ असं वाक्य असेल तर त्यात कसली ताकद, ती परवानगीच. इट मे रेन टुडे ह्यात परवानगी कोण कुणाला देतंय, पाऊस काय आपल्याला विचारून येतो होय, आलाच तर मग आठवडा सोडत नाही. तिथं मे म्हणजे येईल कदाचित, शक्यता. आमच्या वर्गात मी पोरांना एवढंच सांगतो की पुढं कोण आहे आणि कुणाला बोलायलाय ते बघ. पाठांतराचा तक्ता दिला की त्यांची विचार करायची सुट्टी होते.

वेरूळरोड_ड्रायव्हर

लई भारी सांगितलं सगळ्यांनी. काचेचं डोक्यात बसलं. मे यू नाही म्हणायचं हे बी लक्षात ठेवतो. पण कुडचं अजून राहिलंच. आणि माझ्या गाडीत गेस्ट लोकं आदल्या दिवशीच्या गोष्टी सांगतात, कुड, कुडन्ट, वॉज एबल टु, मॅनेज्ड टु असलं काय काय येतं त्यात. मला बी सांगायचं असतं की माझे आजोबा दौलताबादचा किल्ला न थांबता चढायचे, आता मला बी दम लागतो. हे कसं म्हणायचं?

गोदाकाठचा_मास्तर

आजोबांचं वाक्य कुडचंच आहे. माय ग्रँडफादर कुड क्लाइम्ब द फोर्ट विदाउट स्टॉपिंग. त्या काळी त्यांना नेहमीच जमायचं, अंगात होतं, म्हणून कुड. कुडच्या मागं बी कोरं क्रियापद, क्लाइम्ब्ड नाही.

आता जरा बारीक जागा आहे, इथं शिकलेली माणसं बी घसरतात. नेहमी जमायचं त्याला कुड. पण एखाद्या दिवशी एकदाच, खटपट करून जमलं, तर त्याला कुड लागत नाही, वॉज एबल टु किंवा मॅनेज्ड टु. समजा किल्ल्यातल्या त्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, गेस्टचा मोबाईल पडला, वटवाघळांची फडफड चालू, टॉर्च लावून तुम्ही शोधला आणि सापडला. आय कुड फाइंड इट असं नाही सांगायचं. आय वॉज एबल टु फाइंड इट, नाहीतर आय मॅनेज्ड टु फाइंड इट. आणि नाहीच सापडला तर? मग आय कुडन्ट फाइंड इट चालतं. नकाराला ही भानगड नाही, एकदाचं असो का नेहमीचं, कुडन्ट दोन्हीकडं चालतं. पोरं विचारतात सर असं कामून, तर भाषा लोकं बोलत बोलत घडवतात, आपल्याला विचारून नाही.

परवानगीचं बी तसंच. पूर्वी गाडी पार लेण्यापर्यंत जाऊ द्यायचे असं सर्वसाधारण सांगायचं असेल तर पीपल कुड ड्राइव्ह अप टु द केव्ह्ज. पण काल गेटवरच्या माणसानं आपल्याला तेवढ्यापुरतं आत सोडलं, तर वुई वेअर अलाउड टु गो इन.

उदगीरची_मी

आणि बाईंनी जे कुड यू वेट टेन मिनिट्स म्हटलं त्यात भूतकाळ शोधू नका दादा. तिथं कुड म्हणजे कॅनच, फक्त मऊ केलेला. आपण थांब म्हणतो, थांबता का म्हणतो, जरा थांबता का प्लीज म्हणतो, तसंच कॅन यू, कुड यू अशी पायरी आहे. कुड आय पण तसंच, कुड आय यूज युवर चार्जर म्हणजे तुमचा चार्जर वापरू का.

फक्त उत्तर देताना सांभाळा. प्रश्नात कुड आला म्हणून उत्तरात कुड नाही लावायचा. कुड आय यूज युवर चार्जर? येस यू कुड, हे ऐकायला विचित्र लागतं, जसं काही वापरता आला असता पण... येस, ऑफ कोर्स म्हणा, किंवा येस यू कॅन. नाही म्हणायचं असेल तर नुसतं नो नको, तोंडावर दार आपटल्यासारखं होतं ते. सॉरी, आय ॲम यूजिंग इट, असं कारण सांगून टाका. आपल्याकडचे लोक नाही म्हणायला लाजतात आणि मग येस येस म्हणून बसतात, पुढं पंचाईत.

कुडच्या स्पेलिंगमधला एल वाचायचा नाही बरं का, गंमत म्हणजे तो मुळात नव्हताच. वुड आणि शुडमध्ये एल खरा होता, कुडमध्ये त्यांचं बघून लोकांनी नंतर घुसडला.

बालाघाटचा_भटक्या

मी बीडचा, पोटापाण्यासाठी एका हॉटेलच्या रिसेप्शनला होतो म्हणून बोलतो. सगळ्यात जास्त भांडणं कॅन आणि कान्टच्या उच्चारावरून होतात. आपण लोक कॅन जोरात म्हणतो, यू कॅऽऽन गो, आणि कान्ट म्हणताना शेवटचा ट गिळतो. अमेरिकन माणूस कान्ट म्हणतच नाही, तो कॅन्ट म्हणतो आणि त्याचा बी ट ऐकू येत नाही. मग त्याला फरक कळतो कशानं? तर होकाराचा कॅन तो चोरटा म्हणतो, कन असा, यू कन गो, आणि जोर देतो गो वर. नकार असेल तर जोर कॅन्टवर. तुम्ही होकार जोरात म्हटला की त्याला वाटतं हा नाही म्हणायलाय.

म्हणून जिथं पैशाचा किंवा टायमाचा प्रश्न आहे तिथं कान्टवर भरवसा ठेवायचा नाही. कॅनॉट पूर्ण म्हणायचं, किंवा वाक्यच बदलायचं. वेरूळ इज क्लोज्ड ऑन ट्यूसडे. फ्लॅश इज नॉट अलाउड. हे कुणालाच उलटं ऐकू येत नाही. आणि सोबत हात हलवायचा, त्याला ग्रामर लागत नाही.

फोटोचं तर हमखास येतं, म्हणून सांगतो. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, चित्रांना धोका असतो. तर गेस्टनं कॅन आय टेक फोटोज विचारलं की नुसतं येस नको. येस यू कॅन, बट नो फ्लॅश प्लीज. आणि फ्लॅश मारल्यावर तिथला माणूस ओरडला की गेस्ट तुमच्याकडंच बघतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वेरूळरोड_ड्रायव्हर

हाव, बरोबर हाय, बघतातच. हे कन वालं आज संध्याकाळी गाडी धुताना म्हणून बघितलं, बायको म्हणाली कुणाशी बोलायलात.

मी आता वाक्यं लिहून काढलीत, कुणी तपासून द्या. एक, वुई कॅनॉट गो टु अजंता टुडे, इट इज मंडे, इट इज क्लोज्ड. दोन, यू कॅन गो टुमारो. तीन, आय कॅन कम ॲट सेव्हन. चार, नेक्स्ट वीक आय विल कॅन कम, गाडी सर्व्हिसिंगला आहे ह्या आठवड्यात. पाच, कॅन यू वॉक ऑर यू वॉन्ट डोली?

उदगीरची_मी

पहिली तीन मस्त. उद्याचं नक्की ठरलेलं असेल तर कॅन चालतो, यू कॅन गो टुमारो, आय कॅन कम ॲट सेव्हन, त्यात काही बिघडत नाही.

चौथ्यात विल आणि कॅन शेजारी आले, ते दोघं एका ताटात जेवत नाहीत. आता जमत नाही पण पुढं जमेल असं असेल तर विल बी एबल टु. नेक्स्ट वीक आय विल बी एबल टु कम. बोलायला लांब वाटतं, सवय होते. एबल टु हा इथं खरा कामाला येतो, जिथं कॅन बसतच नाही तिथं. टु कॅन असं पण कधी होत नाही, आय वॉन्ट टु बी एबल टु स्पीक इंग्लिश असं म्हणायचं.

पाचव्यात डू घाला, ऑर डू यू वॉन्ट अ डोली. आणि वयस्कर माणसाला थेट कॅन यू वॉक विचारलं तर चटका बसतो, तुमच्यानं चालवतं का असं तोंडावर विचारल्यासारखं. वुड यू लाइक अ डोली, सर? असं विचारा, काम तेच होतं आणि तो रागावत नाही.

बालाघाटचा_भटक्या

हे शेवटचं शंभर टक्के. माझ्यासमोर एका आजोबांनी कॅन यू वॉक ऐकून डोलीवाल्याला बाजूला सारलं आणि काठी टेकत पायऱ्या चढायला लागले. वर पोचले पण, त्याला कुड म्हणायचं का मॅनेज्ड टु, मास्तर?

गोदाकाठचा_मास्तर

मॅनेज्ड टु. आणि डोलीवाल्याची बोहनी गेली ते वेगळं.

वेरूळरोड_ड्रायव्हर

लई उपकार झाले सगळ्यांचे. वुड यू लाइक वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं. आता मस्ट आणि हॅव टु मधला फरक पण इथंच विचारू का?

गोदाकाठचा_मास्तर

त्याला नवीन धागा काढा दादा, इथं टाकलं तर सगळी खिचडी होईल. टाका, मी बघतो रात्री, आत्ता शाळेत पोषण आहाराचा हिशोब लिहायलोय.